कमी चालली, जास्त बसली

जुन्या स्पोर्ट्स कारच्या जाहिरातीत एक ओळ हमखास असते: 'सात वर्षं, फक्त अठरा हजार किलोमीटर, सिंगल ओनर, शोरूम कंडिशन.' घेणाऱ्याची नजर अठरा हजारांवर खिळते आणि तो मनातल्या मनात बोली वाढवतो. भाव पाडायचा आकडा खरं तर त्याच ओळीत आधी येऊन गेलेला असतो: सात वर्षं.

सोलापुरात अशी गाडी दिवस कसे काढते ते पाहा. रोजच्या कामाला एसयूव्ही असते, ही रविवारची. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा ती पत्र्याच्या शेडखाली कव्हर पांघरून उभी असते. कधीतरी कुणीतरी ती सुरू करतो, होटगी रोडला आठ-दहा किलोमीटरची चक्कर मारतो आणि परत जागेवर लावतो. कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा) काटा पाच-सात मिनिटांत मध्यावर येतो, म्हणून इंजिन तापलं असं वाटतं. ऑइलला मात्र त्याच्या दुपटी-तिपटीने वेळ लागतो. ते पुरतं तापलं नाही, तर गार इंजिनात जादा फवारलं गेलेलं पेट्रोल आणि ज्वलनातून आलेलं पाणी ऑइलमध्येच मुरतं. ऑइल पातळ होतं, आम्लं वाढतात, बेअरिंगवरचा थर कमजोर होतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात आणखी एक भर: पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हची (हवा आत सोडणाऱ्या झडपेची) मागची बाजू कधी धुतलीच जात नाही आणि तिथे काजळीचे थर बसतात. आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचं संथ चालणं) अडखळतं, गार असताना इंजिन मिसफायर करतं. मग इनटेक मॅनिफोल्ड उतरवून, अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून ते साफ करावं लागतं.

म्हणून सर्व्हिसचे कागद हातात आले की किलोमीटरचा रकाना नंतर वाचावा, तारखांचा आधी. मॅन्युअलमध्ये ऑइल बदलण्याचं अंतर १५,००० किलोमीटर लिहिलेलं असलं तरी त्यापुढे 'किंवा एक वर्ष' असतंच. सात वर्षांत अठरा हजार चाललेल्या गाडीचं ऑइल दोनदाच बदललेलं असेल, तर ती 'शोरूम मेन्टेन' असूनही उपाशी ठेवलेली आहे. ब्रेक फ्लुइड तर चालण्याशी संबंध न ठेवता हवेतला ओलावा ओढत राहतं. नवं डॉट-४ (ब्रेक फ्लुइडचा एक दर्जा) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या डॉट-४ साठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. जोरात दोन-चार ब्रेक मारले की डिस्कजवळ एवढी उष्णता सहज होते, फ्लुइड उकळतं आणि पेडल सरळ खाली जातं. दर दोन वर्षांनी ते बदलल्याच्या नोंदी हव्यात. ओलावा मोजायचा पेनसारखा टेस्टर स्वस्तात मिळतो; ३ टक्क्यांच्या वर दाखवला तर 'शोरूम कंडिशन' हे शब्द सोडून द्यायला हरकत नाही.

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या जनावरांच्या बाजारात जाणकार बैलाचे दात बघतो, मालक सांगतो ते वय ऐकत नाही. गाडीचे दात टायरवर असतात. टायरच्या बाजूवर 'डॉट' अक्षरांपुढे शेवटचे चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर, नक्षी कितीही खोल असो, सोलापूरच्या उन्हात कडक झालेला असतो आणि पावसात धरत नाही. एकाच ॲक्सलवर दोन वेगळ्या कंपन्यांचे किंवा दोन वेगळ्या सालांचे टायर दिसले तर विचारायचं की मधलं काय झालं. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर पुढच्या-मागच्या टायरांच्या झिजेतला मोठा फरकही महागात पडतो. चाकांचा परीघ वेगवेगळा झाला की पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारं मधलं कपलिंग किंवा ट्रान्सफर केस सतत घसरत, तापत राहते. स्टिअरिंग पूर्ण वळवून टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवावा. बाहेरून छान दिसणारा टायर आतून दोऱ्यापर्यंत गेलेला असतो, कारण या गाड्यांची चाकं मुळातच वरून आत झुकलेली असतात आणि त्यात अलाइनमेंट बिघडलेली असते. दात काचांनाही आहेत: सगळ्या काचांच्या कोपऱ्यातली साल-खूण एकमेकींच्या जवळची हवी. एकच काच तीन वर्षांनी तरुण असेल तर त्या बाजूला काहीतरी आदळलेलं आहे.

आता इंजिन. फोनवरच सांगून ठेवायचं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा. गरम लागलं तर चहा पिऊन परतायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं. यात भीड ठेवू नये. गार इंजिन सुरू होतानाचे पहिले दोन-तीन सेकंद जे सांगतात ते गरम इंजिन दिवसभर सांगत नाही. टायमिंग चेन म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारी साखळी; तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. तो थकला असेल तर रात्रभरात दाब उतरतो आणि सुरू होताच साखळी खुळखुळते, मग दाब आला की गप्प होते. फोक्सवॅगन गटाच्या ईए-८८८ इंजिनाच्या पहिल्या दोन पिढ्यांत हा रोग माहितीचा आहे. २०११ ची स्कोडा लॉरा व्हीआरएस, त्या काळातल्या ऑडी टीटी, ए-४ सगळ्या त्याच घरच्या. साखळी एक-दोन दाते सरकली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि मग नुसत्या हेडचं (इंजिनाच्या वरच्या भागाचं) काम नाही, अख्ख्या इंजिनाचं काम निघतं. दुसऱ्या पिढीतली काही इंजिनं पिस्टनच्या रिंगांतून ऑइलही पितात. तेव्हा विचारायचं, दोन सर्व्हिसच्या मध्ये किती ऑइल भरावं लागतं? 'थेंबभर नाही' आणि डिकीत अर्धा डबा ऑइल, ही जोडी बरी नाही.

धूर एकदा गार असताना आणि एकदा गरम असताना बघायचा. सुरू होताच निळसर झुळूक येऊन थांबली तर व्हॉल्व्हची सिलं वाळलीत. दहा मिनिटं आयडलवर ठेवून एकदम ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा लोट आला तर टर्बोचं सील किंवा रिंगा. पांढरा, गोडसर वासाचा आणि गरम झाल्यावरही न थांबणारा धूर म्हणजे कूलंट जळतंय.

कूलंटवर सोलापुरात जरा जास्त वेळ घालवावा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती आहेत हे घरातल्या गिझरच्या कॉइलला विचारा. कमी झालं म्हणून कुणीतरी बादलीतलं पाणी ओतलेलं असतं. ते क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि वॉटर पंपाच्या सिलावर बसतात. टाकीत गुलाबी किंवा जांभळट स्वच्छ रंग हवा. गढूळ, तांबूस, तळाला गाळ असं दिसलं तर रेडिएटर, पंप आणि थर्मोस्टॅट (कूलंटचं तापमान राखणारी झडप) तिघांचाही हिशेब मनात धरायचा. २०१७ मध्ये आलेल्या स्कोडा ऑक्टाविया आरएसमध्ये ईए-८८८ ची तिसरी पिढी आहे. चांगलं इंजिन, पण प्लास्टिकच्या थर्मोस्टॅट हाउसिंगमधून गळतं. पंपाच्या आजूबाजूला वाळलेली गुलाबी-पांढरी पापडी शोधायची. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच इंजिनांत वॉटर पंप विजेवर चालतो आणि तो पूर्वसूचना न देता बंद पडतो. बदलल्याचं बिल असेल तर ती जमेची बाजू. मग एसी पूर्ण लावून गाडी दुपारच्या उन्हात पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवायची. पंखा दुसऱ्या वेगात जातो का, काटा हलतो का, एसीची हवा उभ्या गाडीत कोमट होते का. उभ्या गाडीचा एसी कॉम्प्रेसरही बसून बिघडतो: त्याच्या शाफ्टचं सील गॅसबरोबर फिरणाऱ्या ऑइलवर ओलं राहतं, महिनोन्महिने एसी लावला नाही की वाळतं आणि गॅस निघून जातो. 'गॅस भरला की झालं' हे वाक्य ऐकून किंमत मान्य करू नये. आधी गॅस भरून दाखवा म्हणावं.

धुळीसाठी एअर फिल्टरचा डबा उघडायचा. फिल्टर घाण असणं साहजिक आहे. बोट फिरवायचं ते फिल्टरच्या पलीकडच्या, इंजिनाकडच्या बाजूला. तिथे बारीक माती लागली तर तिने टर्बोची पाती आणि सिलिंडरच्या भिंती घासल्यात. आवाजाच्या हौसेने बसवलेला, तेल लावायचा उघडा कोन फिल्टर असेल तर संशय दुप्पट. तो पुण्या-मुंबईच्या डांबरी रस्त्यावर एकवेळ चालून जातो, पण चिंचोळी एमआयडीसीकडच्या ट्रकच्या मागून जाताना जी माती उडते तिच्यासाठी तो नाही.

गिअरबॉक्स हा खरा खर्चाचा डोंगर. २०१३ ते २०२० मधल्या १.२ लिटर फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयमध्ये डीक्यू-२०० नावाची सात गिअरची डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे: दोन कोरडे क्लच आणि मेकॅट्रॉनिक नावाचा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक मेंदू. उष्णता आणि रांगती वाहतूक हे दोन्ही तिचे शत्रू. सात रस्त्याच्या सिग्नलला संध्याकाळी नेऊन ब्रेक हलके सोडत गाडी रांगू द्यायची. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर, चढावर रिव्हर्समध्ये धक्का, किंवा डॅशबोर्डवर गिअरचं चिन्ह लुकलुकणं, यांतलं काहीही दिसलं तर पुढचं बोलणं क्लच किंवा मेकॅट्रॉनिकची किंमत वजा करूनच. ऑक्टाविया आरएस २३० मध्ये डीक्यू-२५० ही सहा गिअरची, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचची डीएसजी आहे. ती कणखर आहे, फक्त दर ६०,००० किलोमीटरला तिचं ऑइल आणि फिल्टर बदलावं लागतं. 'गिअरबॉक्स लाइफटाइम ऑइलचा आहे' असं कुणी म्हणालं तर लाइफटाइम कुणाचा, एवढंच विचारावं. मॅन्युअल गाडीत तपासणी सोपी: मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये १,८०० आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर. आरपीएम वेगापेक्षा पुढे पळालं तर क्लच संपला.

बाकी गाड्यांचं थोडक्यात. अबार्थ पुंटोचं १.४ टी-जेट इंजिन गमतीचं आणि तसं सरळ आहे, पण त्याला टायमिंग बेल्ट आहे. बेल्ट वर्षांनीही म्हातारा होतो, बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरावं. त्यात फियाटने इथला बाजार सोडल्यामुळे बॉडीचे सुटे भाग शोधत फिरावं लागतं. मस्टँग जीटीचं ५ लिटर व्ही-८ इंजिन टिकाऊ आहे. प्रश्न सुट्या भागांचा, कारण फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. हेडलाइट फुटला तर किती आठवडे, हे आधी विचारून ठेवावं. बीएमडब्ल्यूच्या ई-८९ पिढीतल्या झेड-४ ३५आय मध्ये एन-५४ इंजिन असतं: हाय प्रेशर फ्युएल पंप, टर्बोच्या वेस्टगेटची (जादा दाब सोडणाऱ्या झडपेची) खडखड आणि व्हॉल्व्ह कव्हरमधून झिरपून एक्झॉस्टवर जळणाऱ्या ऑइलचा वास, ही तिची तीन ठरलेली दुखणी. वर पत्र्याचं घडीचं छप्पर. ते तीनदा उघडून-मिटवून बघायचं आणि पाणी वाहून जायच्या नळ्या धुळीने तुंबल्यात का ते पाहायचं, नाहीतर जूनमध्ये डिकीत तळं.

पोर्श बॉक्सटर किंवा केमन घेणाऱ्याने सालाकडे लक्ष द्यावं. २००८ पर्यंतच्या इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग आहे. ते फुटलं की इंजिन जातं. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात ते बेअरिंगच नाही. त्या जुन्या इंजिनांच्या सिलिंडरच्या भिंती ओरखडण्याचाही धोका आहे. प्लग काढून बोअरस्कोपचा कॅमेरा आत सोडल्याशिवाय तो दिसत नाही. एकाच सायलेन्सरच्या तोंडाशी जास्त काजळी आणि एकाच बाजूने टिकटिक येत असेल तर कॅमेऱ्याशिवाय टोकन देऊ नये.

या पोर्शच्या ईसीयूमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) एक आकडा असा असतो की मीटर मागे घेणारे बरेचदा त्याला विसरतात: इंजिन एकूण किती तास चाललं. किलोमीटरला तासांनी भागा. १८,००० भागिले ६०० म्हणजे ताशी ३०, ठीक आहे. १८,००० भागिले २,००० म्हणजे ताशी ९. एवढ्या सावकाश कुणी पोर्श चालवत नाही, मीटर मागे गेलेला आहे. तिथेच इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं याचीही नोंद असते, आणि शेवटचं कोणत्या तासाला तेही. मॅन्युअल गाडीत वरच्या रेंजमधल्या (मर्यादेच्या फार पलीकडच्या) अलीकडच्या नोंदी म्हणजे पाचव्याऐवजी तिसरा गिअर पडलेला.

इतर गाड्यांनाही स्कॅनर लावायचाच. फोक्सवॅगन गटात फॉल्ट नोंदला जातो तेव्हाचे किलोमीटरही सोबत नोंदले जातात. मीटर १८,००० आणि फॉल्ट ४१,००० वरचा, असं निघालं की बोलणं तिथेच संपतं. स्कॅनरमध्ये एकही फॉल्ट नाही ही दरवेळी आनंदाची गोष्ट नसते. 'रेडिनेस मॉनिटर' (गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या का ते सांगणारे) पाहायचे; ते 'तयार नाही' दाखवत असतील तर आदल्या दिवशी कोड पुसलेत किंवा बॅटरी काढून जोडलीय. उभ्या गाडीत बॅटरी मरते हे खरं, त्यामुळे दोन दिवस चालवून पुन्हा स्कॅन करू द्या म्हणावं. प्रामाणिक माणूस हो म्हणतो.

'रीमॅप केलीय का?', म्हणजे सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवलीय का, हा प्रश्न सरळ विचारावा. स्टेज वन, म्हणजे पहिल्या पायरीचा रीमॅप, हा काही गुन्हा नाही. चांगल्या ट्यूनरकडचा, बिलासकट असलेला रीमॅप एकवेळ चालेल. चालत नाही तो विकायच्या आधी गुपचूप परत स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ अवस्थेत, नेलेला. ईसीयूच्या डब्याचे ओरखडलेले स्क्रू, नवे क्लॅम्प, एक्झॉस्टच्या नटांवर पान्याच्या ताज्या खुणा, ही त्याची माग ठेवणारी पावलं. अशा जोरात हाकलेल्या इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी) करून घ्यावी. सिलिंडर-सिलिंडरमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. एकूण आकड्यापेक्षा हा फरक महत्त्वाचा.

बॉडीला पेंटची जाडी मोजायचं यंत्र लावायचं. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन. ३०० च्या आसपास पुन्हा रंगवलेलं, त्याहून बरंच वर गेलं तर खाली पुट्टी. ॲल्युमिनियमच्या बॉनेटवर साधं लोखंडापुरतं यंत्र काहीच दाखवत नाही, दोन्ही धातूंचं घ्यावं. पुढचा बम्पर रंगवलेला असेल तर फार मनावर घेऊ नये, आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघता तो रंगवलेला असणारच. त्यापेक्षा गाडी लिफ्टवर चढवून ऑइल संप (इंजिनाखालची ऑइलची परात), सबफ्रेम आणि एक्झॉस्टच्या पोटावरचे घाव बघा. संपावरच्या चेपीला वेल्डिंग असेल तर निघा. तिथेच ब्रेक डिस्कची जाडी व्हर्निअरने मोजून डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीशी ताडायची, आणि सस्पेन्शनचे बुश व ॲक्सलचे रबरी बूट पाहायचे. उन्हाने रबराला पडणाऱ्या भेगा किलोमीटर मोजत नाहीत.

पाण्यात बुडालेली गाडी कोरड्या सोलापुरात कशी येईल, असं वाटतं. येते. कोल्हापूर-सांगलीचा २०१९ चा पूर, हैदराबादचा ऑक्टोबर २०२० चा, आणि २०२५ च्या सप्टेंबरात तर आपल्याच जिल्ह्यात सीना नदी पसरली. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून खालच्या टोकाला गाळाची रेघ आहे का बघायची. सीटच्या रुळांचे बोल्ट, गालिच्याखालचा फोम, डिकीतला खड्डा.

कागदांत पहिली गोष्ट विम्याची. मालक म्हणतो 'ओरखडाही नाही', आणि पाचव्या वर्षीच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्यास वर्षागणिक वाढणारी सवलत) शून्य किंवा २० टक्के. तर क्लेम घेतलेला आहे किंवा बोनस दुसऱ्या गाडीवर नेलाय, दोन्हींचं उत्तर मागावं. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते. दिल्ली परिसरात पेट्रोल गाड्यांवर आलेल्या १५ वर्षांच्या मर्यादेच्या धास्तीने तिकडच्या तेरा-चौदा वर्षांच्या गाड्या खाली उतरतात, हैदराबादहूनही येतात. एमएच-१३ म्हणजे सोलापूरचं पासिंग करताना मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, इथला रोड टॅक्स आणि नव्या नोंदणीची धावपळ आपल्याच माथी असते. कर्ज असेल तर फॉर्म ३५ (कर्जाचा बोजा उतरवण्याचा) शिवाय पैसे हलवू नयेत. परदेशातून आणलेल्या गाडीला कस्टम्सची बिल ऑफ एंट्री (आयातीचा कागद) दाखवता आलीच पाहिजे.

एवढं करूनही शेवटची नजर त्या ब्रँडच्या वर्कशॉपचीच हवी. बीएमडब्ल्यूसाठी ती सुमारे २५० किलोमीटरवर, पुण्यात. तपासणीचे पैसे आपण द्यायचे आणि गाडी मालकाला चालवत न्यायला सांगायचं. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर करत गाडी पुण्याला पोचली तर अर्धी टेस्ट ड्राइव्ह रस्त्यातच झाली. किमतीच्या १५ ते २० टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवावी, आणि ती ठेवल्यावर खिसा रिकामा होत असेल तर एक पायरी खालची गाडी बघावी. बसलेली गाडी चालायला लागली की पहिल्या तीन-चार महिन्यांतच सिलं, होज आणि बुश एकेक करून सुटतात.

व्यवहाराच्या दिवशी मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, दोन्ही चाव्या आणि अलॉय व्हीलच्या लॉकिंग नटची चावी मोजून घ्यायची. ही छोटी चावी हरवलेली असेल तर पंक्चर झाल्यावर चाक उतरत नाही. बऱ्याच स्पोर्ट्स कारला स्टेपनीही नसते, फक्त कॉम्प्रेसर आणि पंक्चरचं लिक्विड; त्या बाटलीवरची एक्स्पायरी वाचून घ्या. विमा आपल्या नावावर करायला कायद्याने १४ दिवस मिळतात. पुण्याहून गाडी आणणार असाल तर ते काम निघण्याआधीच उरका.